ब्रेक्झिटचं सार्वमत: शब्द देणारे एक, निभावणारे दुसरेच

आडवाट (धागाकर्ता)

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडण्याचा, विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन वाक्यांत आटोपते. एक, बसवर खोटा आकडा रंगवून लोकांना गंडवलं. दोन, लोकांनी पुढाऱ्यांना धडा शिकवला. दोन्हींत तथ्य आहे. पण ज्या माणसाचा दोन्ही बाजूंच्या एकाही पुढाऱ्यावर विश्वास उरला नव्हता, त्याने २३ जून २०१६ ला मतपत्रिकेवर फुली मारताना कशाचा आधार घेतला, हे त्यातून कळत नाही. तेवढ्यासाठी हा धागा.

माझं म्हणणं आधी मांडतो, मग तुम्ही खोडा.

सार्वत्रिक निवडणुकीत अविश्वासालाही एक वाट असते. ज्याने शब्द दिला तो सत्तेवर बसतो, चार-पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो, आणि तेव्हा हिशोब चुकता करता येतो. सार्वमतात ही साखळीच तुटते. 'व्होट लीव्ह' हा पक्ष नव्हता, सोडण्याच्या बाजूने प्रचारापुरती उभी केलेली संस्था होती. तिचा चेहरा असलेले मायकेल गोव्ह न्यायमंत्री होते. बोरिस जॉन्सन नुकतेच लंडनच्या महापौरपदावरून उतरलेले साधे खासदार होते. तिजोरीची किल्ली दोघांकडेही नव्हती. युरोपला जाणारा पैसा वाचवून सरकारी आरोग्यसेवेला देऊ या, असं म्हणणाऱ्यांच्या हातात तो देण्याचा अधिकार नव्हता. ज्यांच्या हातात होता ते पंतप्रधान कॅमेरन आणि अर्थमंत्री ऑसबर्न समोरच्या बाजूने प्रचार करत होते. निकाल लागला तसे कॅमेरन यांनी २४ जूनच्या सकाळी राजीनामा जाहीर केला, ३० जूनला जॉन्सन नेतृत्वाच्या शर्यतीतून बाहेर पडले, ४ जुलैला सोडण्याच्याच बाजूच्या नायजेल फराज यांनी आपल्या पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. अकरा दिवसांत दोन्ही बाजूंचे शब्द देणारे जागेवरून उठलेले.

दुसरी गोष्ट, सरकार पंचही होतं आणि खेळाडूही. एप्रिलमध्ये सरकारने सुमारे ९३ लाख पौंड खर्चून २ कोटी ७० लाख घरांत 'महासंघात राहा' सांगणारी पत्रिका धाडली. अधिकृत प्रचारसंस्थेला खर्चाची मर्यादा होती ७० लाख पौंड. खर्चावर नियम लागू होणारा कालावधी सुरू झाला १५ एप्रिलला, आणि इंग्लंडमधल्या घरांत पत्रिका पडली ११ ते १३ एप्रिलच्या दरम्यान. कायद्याने यात काही वावगं नव्हतं. पण जो आधीच साशंक आहे त्याला तारखांचा हा खेळ बरोबर दिसतो. त्याच पत्रिकेत एक वाक्य होतं: हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. हे वाक्य पुढे फार महागात पडलं, त्यावर कोणी लिहिलं तर बरं.

निकाल सगळ्यांना माहीत आहे, तरी नोंद म्हणून: सोडण्याच्या बाजूने १,७४,१०,७४२ मतं, राहण्याच्या बाजूने १,६१,४१,२४१. मतदान ७२.२ टक्के.

विनंती एकच. आकडे, नियम, कार्यपद्धती यांवर लिहा. 'इंग्रजांना अक्कल नाही' छापाचे प्रतिसाद नकोत.

मोजपट्टी

बसवरच्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशोब पूर्ण मांडलेला क्वचित दिसतो.

आकडा होता आठवड्याला ३५ कोटी पौंड. २०१५ सालचं गणित घ्या. सवलत धरली नसती तर ब्रिटनची वर्षाची वर्गणी सुमारे १,७८० कोटी पौंड झाली असती. भागिले ५२, म्हणजे आठवड्याला ३४ कोटींच्या वर. बसवरचा आकडा आला तो इथून. पण १९८४ साली मार्गारेट थॅचर यांनी फोंतेनब्लो इथे भांडून सवलत मिळवली होती. ती २०१५ ला सुमारे ४९० कोटी होती, आणि ती आधीच वजा होते. पैसा पाठवून परत येतो असं नाही, तो मुळात जातच नाही. तेव्हा प्रत्यक्षात गेले सुमारे १,२९० कोटी, म्हणजे आठवड्याला साधारण २५ कोटी. त्यातून शेती, मागास भाग वगैरेंसाठी सुमारे ४४० कोटी सरकारी खात्यांमार्फत ब्रिटनमध्येच परत आले. निव्वळ उरले ८५० कोटींच्या आसपास, आठवड्याला १६ कोटींच्या थोडे वर.

संख्याशास्त्र प्राधिकरणाचे अध्यक्ष सर अँड्रयू डिलनॉट यांनी २१ एप्रिलला आणि पुन्हा २७ मेला लेखी सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. प्राधिकरणाला बोलण्याचा अधिकार आहे, बसवरचा रंग खरवडायला लावण्याचा नाही. बस फिरत राहिली.

आता चूक कुठे झाली ते बघा. राहण्याच्या बाजूने उत्तर काय दिलं? '३५ नाही, २५.' किंवा '२५ नाही, १६.' ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय राहिलं? दर आठवड्याला कोट्यवधी जातात, आणि हे पुढारी किती कोटी यावर भांडतायत. आकडा खोडायला निघालेला प्रत्येक जण तो आकडा पुन्हा एकदा ऐकवत होता.

बसवरचा मजकूर नीट वाचा. मराठीत त्यातला फरक चांगला पकडता येतो. तिथे 'आम्ही आरोग्यसेवेला देऊ' असं नव्हतं, 'देऊ या' असं होतं. 'देऊ' म्हटलं की देणारा ठरतो आणि उद्या त्याला धरता येतं. 'देऊ या' हे सगळ्यांना मिळून केलेलं आवाहन आहे, त्याला धनी नाही. २४ जूनच्या सकाळी फराज यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की तो दावा करणं ही चूक होती. फराज व्होट लीव्हमध्ये नव्हतेच, त्यामुळे तीही कबुली कोणाच्या खात्यावर जमा झाली नाही. आडवाट म्हणतात ती तुटलेली साखळी हीच.

पायवाट

हिशोब पटला. पण समोरच्या बाजूचा ४,३०० पौंडांचा आकडा? तो तर अर्थखात्याचा होता, बसवरचा नाही. त्यावर लोकांनी विश्वास का ठेवला नाही?

मोजपट्टी

पायवाट, तो खोटा नव्हता. तो चुकीच्या वेष्टनात दिला.

१८ एप्रिलच्या अर्थखात्याच्या अहवालात म्हटलं होतं की बाहेर पडून करार केला तर २०३० साली अर्थव्यवस्था ६.२ टक्के लहान असेल. कशापेक्षा? आत राहिली असती तर जेवढी झाली असती त्यापेक्षा. म्हणजे आजच्यापेक्षा मोठीच, फक्त कमी वाढलेली. मग त्या घटीला कुटुंबांच्या संख्येने भागलं आणि 'प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका' असं फलकावर लावलं. राष्ट्रीय उत्पन्न भागिले कुटुंबं म्हणजे घरात येणारा पगार नव्हे. त्यात कंपन्यांचा नफा येतो, सरकारचा खर्च येतो. ज्याच्या घरचा अख्खा पगार वर्षाला वीस हजार आहे त्याला हा आकडा ऐकून आपलं बोलणं चाललंय असं वाटतच नाही. राज्यशास्त्राचे प्राध्यापक आनंद मेनन यांनी न्यूकॅसलमधल्या सभेचा प्रसंग पुष्कळदा सांगितला आहे. ते राष्ट्रीय उत्पन्नात होणाऱ्या घटीबद्दल बोलत होते, तेव्हा श्रोत्यांतली एक बाई ओरडली की ते उत्पन्न तुमचं आहे, आमचं नाही. अहवालाची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

पुढची पायरी जास्त वाईट. २३ मेला दुसरा अहवाल आला: निकाल लागताच मंदी येईल, दोन वर्षांत अर्थव्यवस्था ३.६ टक्के लहान होईल, ५ लाख २० हजार रोजगार जातील. आणि १५ जूनला, मतदानाला आठ दिवस उरलेले असताना, ऑसबर्न यांनी ३,००० कोटी पौंडांच्या तातडीच्या अर्थसंकल्पाचा धाक घातला. प्राप्तिकराचा मूळ दर २० चा २२ करू, आरोग्यसेवेला कात्री लावू. त्याच दिवशी त्यांच्याच हुजूर पक्षाच्या ५७ खासदारांनी आम्ही विरोधात मत देऊ म्हणून जाहीर केलं. म्हणजे धमकी अमलात येणार नाही हे मतदानाआधीच सिद्ध झालं.

निकालानंतर पौंड जबर कोसळला, महागाई वाढली, पण ती तात्काळ मंदी आली नाही आणि रोजगार वाढले. दूरच्या मुदतीतलं नुकसान खरं आहे. ब्रिटनचं स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय आजही दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील असं गृहीत धरतं. पण जवळचं भाकीत फसलं की दूरचं खरं असलं तरी कोणी ऐकत नाही. सहा महिन्यांत तपासता येईल असा धाक घालायचाच नव्हता.

जुनी वही

हे सगळं २०१६ च्या दोन-चार महिन्यांत घडलं असं धरून चर्चा चालली आहे. विश्वासाची शिल्लक त्याआधीच संपली होती. मागचं खातं उघडू.

१९७१ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने सांगितलं की युरोपीय समुदायातल्या प्रवेशामुळे राष्ट्राच्या मूलभूत सार्वभौमत्वाची झीज होण्याचा प्रश्नच नाही. ५ जून १९७५ च्या सार्वमतात ६७.२ टक्क्यांनी 'राहू' म्हटलं. तेव्हा घरोघरी तीन पत्रिका गेल्या होत्या: होकाराची, नकाराची आणि सरकारची. सरकारचीही होकाराचीच, म्हणजे दोनास एक. ही तक्रार चाळीस वर्षं जिवंत होती, २०१६ च्या पत्रिकेवर लोक उसळले त्यामागे तीही आहे.

पुढे २००५ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत घेऊ म्हटलं. त्याच वर्षी फ्रान्स आणि नेदरलँड्सने ती घटना नाकारली. मग बराचसा तोच ऐवज लिस्बन करार म्हणून आला आणि ब्रिटनमध्ये सार्वमताशिवाय संमत झाला. २००७ मध्ये विरोधी नेते असलेल्या कॅमेरन यांनी एका वृत्तपत्रात 'पोलादी हमी' दिली की आम्ही सार्वमत घेऊ. नोव्हेंबर २००९ मध्ये, करार सगळ्या देशांत मंजूर झाल्यावर, ती मागे घेतली. युक्तिवाद बरोबर होता, झालेल्या करारावर मत घेऊन काय करणार? पण लोकांच्या लक्षात हमी राहिली.

बाहेरचे दाखलेही होते. आयर्लंडने जून २००८ ला लिस्बन नाकारला, ऑक्टोबर २००९ ला पुन्हा मत घेऊन होकार मिळवला. ग्रीसने ५ जुलै २०१५ ला ६१ टक्क्यांनी कर्जाच्या अटी नाकारल्या आणि आठवडा-सव्वा आठवड्यात त्यांच्या सरकारने तशाच जाचक अटींवर मान डोलावली. 'आपण काहीही म्हटलं तरी ते हवं तेच करणार' ही धारणा हवेतून आलेली नाही.

घरचं खातं याहून कडू. इराकमधल्या संहारक शस्त्रांबद्दलचं सप्टेंबर २००२ चं सरकारी दस्तऐवज. मे २००९ ला उघड झालेली खासदारांच्या भत्त्यांची प्रकरणं, ज्यात संसदेच्या सभापतींना पायउतार व्हावं लागलं. २०१० ला लिबरल डेमोक्रॅटांनी विद्यापीठाचं शुल्क वाढवणार नाही म्हणून सह्या केल्या, आणि सत्तेत भागीदार झाल्यावर त्याच सरकारने कमाल शुल्क ९,००० पौंडांवर नेलं. आता जून २०१६ मध्ये राहण्याच्या बाजूने व्यासपीठावर कोण? इराक युद्धाच्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर, कॅमेरन, आणि लिबरल डेमोक्रॅटांचे निक क्लेग. दुधाने तोंड पोळलेल्याला त्याच हातांनी ताक पुढे केलं.

गोव्ह यांचं 'लोकांना तज्ज्ञांचा वीट आला आहे' हे वाक्य सगळे उद्धृत करतात. ३ जूनच्या मुलाखतीतलं पूर्ण वाक्य वेगळं आहे. ते म्हणाले की ज्या आद्याक्षरी नावांच्या संस्था आपल्यालाच सगळं कळतं म्हणतात आणि सतत चुकतात, त्यांच्या तज्ज्ञांना लोक कंटाळले आहेत. मुलाखतकाराने मध्येच तोडल्यामुळे पहिला अर्धाच लक्षात राहिला. २००८ ची आर्थिक पडझड त्या संस्थांना आधी दिसली नव्हती, हे मतदाराला आठवत होतं.

रानजाई

जुनी वही यांच्या खात्यात स्थलांतराचं पान राहिलं. माझ्या मते ते सगळ्यांत जड.

२००४ ला पोलंडसह आठ देश आत आले. गृहखात्याने करवून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसं. त्यामागचं गृहीतक असं की जर्मनीसारखे मोठे देशही दारं उघडतील. जर्मनीने सात वर्षं दार बंद ठेवलं. पहिल्या दिवसापासून उघडलं ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच. गृहीतक गेलं, अंदाज तसाच लोकांच्या डोक्यात राहिला. २०११ च्या जनगणनेत फक्त पोलंडमध्ये जन्मलेले इंग्लंड-वेल्समध्ये पावणेसहा लाखांच्या वर निघाले.

मग २०१० ला कॅमेरन यांनी निव्वळ स्थलांतर 'काही दहा हजारांवर' आणू म्हटलं. २०१५ चा आकडा जाहीर झाला २६ मे २०१६ ला: ३ लाख ३३ हजार. दुसऱ्या दिवसापासून सरकारी यंत्रणेला प्रचारात बोलायला बंदी, आपल्या आचारसंहितेसारखी.

त्यात आकड्यांचाच घोळ. स्थलांतराचा अंदाज विमानतळ-बंदरांवर थोड्या प्रवाशांना प्रश्न विचारून काढत. त्यानुसार युरोपातून वर्षाला आले २ लाख ५७ हजार. पण काम करायला लागणारे राष्ट्रीय विमा क्रमांक युरोपीय नागरिकांना दिले गेले ६ लाख ३० हजार. सांख्यिकी कार्यालयाने १२ मेला खुलासा केला की फरक थोड्या महिन्यांसाठी येणाऱ्यांचा आहे. खुलासा बराचसा बरोबर असेल. पण लिंकनशरमधल्या बॉस्टनला, जिथे भाजीच्या शेतांत पूर्व युरोपातले मजूर राबतात, तिथल्या दवाखान्यात नि शाळेत बारा महिने गर्दी दिसत होती. बॉस्टनने ७५.६ टक्के 'सोडा' म्हटलं.

नंतर युरोपीय रहिवाशांच्या नोंदणीची योजना आली. सरकारी अंदाज ३५ ते ४१ लाखांचा होता, ३० जून २०२१ च्या मुदतीपर्यंत अर्ज आले ६० लाखांच्या वर. काहींनी दोनदा केले असतील, तरी मोजणी कमी पडली होती हे नक्की. सरकारी आकड्यावर संशय घेणारा दरवेळी अडाणी नसतो.

पायवाट

तुर्कस्तानच्या ७ कोटी ६० लाख लोकांची भीती घालणारा फलक मात्र निखालस खोटा होता ना?

रानजाई

फलकावर 'तुर्कस्तान सामील होतोय' असं वर्तमानकाळात होतं, ते खोटंच. अर्ज १९८७ चा, बोलणी २००५ पासून, आणि सायप्रसच्या विरोधामुळे अडलेली. प्रत्येक सदस्यदेशाला नकाराधिकार आहे, तरी २२ मेला पेनी मॉरडंट या मंत्री असून ब्रिटनला रोखता येणार नाही म्हणाल्या. पण कॅमेरन सरळ 'आम्ही नकाराधिकार वापरू' म्हणू शकले नाहीत, कारण २०१० ला अंकाऱ्यात जाऊन त्यांनीच तुर्कस्तानच्या प्रवेशाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. 'इतक्यात होणार नाही' एवढंच म्हणत राहिले. साशंक माणूस 'नाही' आणि 'इतक्यात नाही' यांतला फरक लगेच हेरतो.

नियमावली

खोट्याला शिक्षा का नाही, हा प्रश्न वर अप्रत्यक्षपणे दोनदा आला. थोडक्यात, तसा कायदाच नाही.

जाहिरातींवर देखरेख करणारी ब्रिटिश संस्था १९९९ पासून राजकीय प्रचाराच्या छापील जाहिरातींना हात लावत नाही. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०६ फक्त उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दलच्या खोट्या विधानाला लागू होतं, आणि सार्वमतात उमेदवार नसतो. निवडणूक आयोग पैसा तपासतो, मजकूर नाही. बसच्या आकड्यावरून जॉन्सन यांच्यावर खाजगी फौजदारी दावा लावण्याचा प्रयत्न झाला, तो उच्च न्यायालयाने जून २०१९ ला रद्द केला.

पैशाबाबत कारवाई झाली, पण कधी? जुलै २०१८ मध्ये आयोगाने व्होट लीव्हला ६१,००० पौंड दंड केला. 'बीलीव्ह' नावाच्या दुसऱ्या प्रचारगटाच्या नावावर दाखवलेले सुमारे ६ लाख ७५ हजार पौंड दोघांनी मिळून ठरवून खर्च केले होते, ते धरता ७० लाखांची मर्यादा जवळपास साडेचार लाखांनी ओलांडली गेली. राहण्याच्या बाजूलाही दंड झाले, लिबरल डेमोक्रॅटांना १८,००० पौंड, पण तो खर्चाच्या नोंदी नीट न दिल्याबद्दल. दोन्ही दोष एका तराजूत तोलू नयेत. आणि इतक्या मोठ्या खर्चापुढे असा दंड म्हणजे प्रचाराचाच एक खर्च होऊन बसतो.

आता ते पत्रिकेतलं वाक्य. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालाचं पुढे काय करायचं याचं एकही कलम नव्हतं. तुलना करा: २०११ ला मतदानपद्धती बदलण्याच्या सार्वमतासाठी जो कायदा केला त्यात होकार आल्यास मंत्र्यांनी बदल लागू करायचाच, असं लिहिलं होतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना तसं लिहिता येत होतं. २०१५ ला लिहिलं नाही, आणि पत्रिकेत मात्र 'अमलात आणू' असा शब्द दिला. कायद्याने सल्ला, राजकारणाने आज्ञा. या फटीतून जानेवारी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा ८ विरुद्ध ३ असा निकाल आला की महासंघाला सोडचिठ्ठी द्यायला संसदेचा कायदा लागेल. त्याआधी उच्च न्यायालयाने तेच म्हटलं तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर तीन न्यायमूर्तींना जनतेचे शत्रू ठरवलं होतं. खासदारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश स्वतः राहण्याच्या बाजूचे. त्यांच्याच हातात सोडण्याचा कायदा. यावर विश्वास ठेवा म्हणणं कठीण होतं, आणि झालंही तसंच. बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं.

मतपेटी

मतदानाच्या यंत्रणेवरचाही संशय इथे नोंदवायला हवा. मतदानाच्या दिवशी 'स्वतःचं पेन घेऊन जा' अशी हाक फिरली होती. ब्रिटनमध्ये मतदानाच्या खोपीत दोरीला बांधलेली पेन्सिल असते. गुप्तहेर खातं रात्री फुल्या खोडून दुसऱ्या मारणार, असा समज.

प्रत्यक्ष पद्धत अशी. पेन्सिलच वापरा असा नियम नाही, पेन चालतं. पेन्सिल ठेवतात कारण शाई वाळते, सांडते, आणि घडी घातल्यावर उमटून दुसऱ्या चौकोनात डाग पडतो. रात्री दहाला केंद्राध्यक्ष पेटीला प्रतिनिधींसमोर सील लावतो आणि किती मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती वाया गेल्या याचा तक्ता भरतो. मोजणीच्या जागी आधी फुल्या मोजत नाहीत. आधी प्रत्येक पेटीतल्या कागदांची संख्या त्या तक्त्याशी जुळवतात. मग पेट्यांतले कागद एकत्र मिसळून, दोन ढीग करून, गठ्ठे बांधतात. शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढून दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर निर्णय होतो. हे ३८२ मोजणीक्षेत्रांत वेगवेगळं चालतं आणि निकाल तिथेच जाहीर होतो. साडेबारा लाखांच्या वर मतांचं अंतर खोडरबराने पाडायला किती केंद्रांत किती माणसं फितवावी लागतील ते बघा.

पण यंत्रणेने संशयाला खाद्यही पुरवलं. मतदार नोंदणीचं संकेतस्थळ ७ जूनच्या रात्री, शेवटच्या तासांत, बसलं. सरकारने मुदत दोन दिवस वाढवली. करायलाच हवं होतं, पण नियम मध्येच बदलला हे दिसलं. त्याच सुमारास संगणकप्रणालीतल्या चुकीमुळे साडेतीन हजारांच्या आसपास युरोपीय नागरिकांना, मताचा हक्क नसताना, मतदानाची कागदपत्रं गेली. ती रद्द केली. बातमी मात्र झालेल्या चुकीचीच मोठी झाली.

मांडवीतीर

मताचा हक्क कोणाला, यात आपल्या लोकांचा एक विलक्षण तिढा होता. राष्ट्रकुल देशांच्या रहिवासी नागरिकांना मत होतं. म्हणजे पुण्याहून कामाच्या परवान्यावर लंडनला गेलेल्या भारतीय पारपत्रधारकाला २३ जूनला मत देता आलं. युरोपीय नागरिकांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांना ते होतं. आता स्विंडनमधले गोंयकार घ्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनच्या दप्तरात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. त्या पारपत्रावर हजारो जण स्विंडनला, साउथॉलला गेले, गोदामांत नि कारखान्यांत वर्षानुवर्षं राबले. पोर्तुगीज म्हणून त्यांना नगरपालिकेचं मत होतं, सार्वमताचं नव्हतं. स्विंडनने जवळजवळ ५५ टक्के 'सोडा' म्हटलं, ज्यांचं राहणं पणाला लागलं होतं ते रांगेच्या बाहेर.

दुसरं, आडवाट यांच्या 'पंचही तेच' या मुद्द्यावर. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवा. तो संघ सोडण्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं याचा होता. पण अडचण तीच: सत्तेवर दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आणि तो स्वतः विलीनीकरणवादी. विरोधकांनी मागणी लावून धरली की हे सरकार खुर्चीवर असताना मतदान नि:पक्ष होणार नाही. ३ डिसेंबर १९६६ ला मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारभार केंद्राकडे गेला, मतदान निवडणूक आयोगाने घेतलं. विलीनीकरणाची खूण फूल, संघप्रदेशाची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. प्रश्नावरचं मत आणि माणसावरचं मत वेगवेगळं द्यायची सोय लोकांना मिळाली होती. ब्रिटनमध्ये कॅमेरन नको म्हणूनही फुली मारायला तीच एक मतपत्रिका होती.

आडवाट

मांडवीतीर, राजीनाम्याचा हा तपशील मला या चर्चेत कधी सुचला नव्हता. ब्रिटनमध्ये सरकार जाणं शक्य नव्हतं, पण निदान सरकारी पैसा तरी बाजूला ठेवता आला असता का? नियमावली, असं कुठे आहे?

नियमावली

आयर्लंडमध्ये आहे. १९९५ च्या घटस्फोटाच्या सार्वमतात सरकार होकाराच्या प्रचारावर जनतेचा पैसा खर्च करत होतं. पॅट्रिशिया मकेना दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मतदानाला आठवडा उरला असताना न्यायालयाने तो खर्च घटनाबाह्य ठरवला. मंत्र्यांनी हवा तेवढा प्रचार करावा, तिजोरीतून नको. त्यानंतर १९९८ पासून दर सार्वमताला न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमत, जो प्रश्न काय आहे एवढंच घरोघरी समजावतो. हे काम आता तिथल्या कायमच्या निवडणूक आयोगाकडे आहे. ९३ लाखांची पत्रिका तिथे छापताच आली नसती.

पण माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचं ते २०१८ चं. गर्भपातावरची घटनादुरुस्ती काढायची का, यावर २५ मे २०१८ ला मतदान झालं. सरकारने त्याआधी, मार्चमध्येच, 'होकार आला तर असा कायदा आणू' म्हणून कायद्याचा आराखडा प्रसिद्ध केला: किती आठवड्यांपर्यंत, कोणाच्या सहीने, कोणत्या अपवादांसह. विरोधकांनी त्यातल्या बारा आठवड्यांच्या तरतुदीवरच प्रचार केला, म्हणजे भांडण खऱ्या मजकुरावर झालं. ६६.४ टक्के होकार आला आणि कायदा बराचसा त्या आराखड्याप्रमाणेच झाला.

ब्रिटनच्या मतपत्रिकेवर 'युरोपीय महासंघ सोडणे' एवढेच शब्द होते. नॉर्वेसारखं युरोपच्या सामाईक बाजारात राहून, कॅनडासारखा करार करून, की काहीच न करता, याचा एक कागदही नव्हता.

पायवाट

तो कागद लिहायचा कोणी पण? व्होट लीव्हकडे खाती नव्हती, अधिकारी नव्हते.

नियमावली

अधिकारी सरकारकडे होते, आणि सरकारने खात्यांना सांगितलं होतं की सोडण्याच्या शक्यतेची तयारी करू नका. अपवाद अर्थखातं आणि बँक ऑफ इंग्लंड यांनी पतव्यवस्था सांभाळण्यासाठी केलेल्या तरतुदींचा. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने २० जुलै २०१६ च्या अहवालात याला घोर हलगर्जीपणा म्हटलं. २४ जूनच्या सकाळी मंत्रालयांच्या कपाटात मसुदा शोधायला गेलेल्याला काही मिळालं नसतं, तो कोणी लिहिलाच नव्हता.